अळीला सवय लागत नसते

मागच्या आठवड्यात बारावीची इव्होल्यूशनची रिव्हिजन चालू होती आणि तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी वर्गात फार बोलत नाही ती. म्हणाली, मॅडम, हे नॅचरल सिलेक्शन वगैरे जंगलात ठीक आहे, पण आता सगळीकडे माणूसच आहे ना, दवाखाने आहेत, फवारणी आहे, धरणं आहेत, वाघसुद्धा आपण ठेवू तिथेच राहतात, मग आता निसर्ग निवडणार तरी काय?

मी तिला उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं होतं. मँचेस्टरची धुराडी, काळे पडलेले झाडांचे बुंधे, काळे पतंग वाढले, पांढरे कमी झाले. ती खाली बसली, वहीत लिहून घेतलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. घरी येताना बसमध्ये दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसत होता आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की मी इंग्लंडला कशाला गेले? तिच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक आहे, माझ्या बाबांच्या वावरात पऱ्हाटी आहे, वर्गातल्या निम्म्या पोरांची कॉलेजची फी कापसातून येते. हा प्रश्न आमच्याच बांधावर सुटलेला आहे, खरं तर सुटला नाहीये, आम्ही तो अजून भोगतोय. म्हणून हे लिहायला बसले.

२०१७ चा ऑक्टोबर. मी दिवाळीला घरी गेले होते. पऱ्हाटी छान होती, कमरेच्या वर, बोंडं लगडलेली, आणि बाबा मात्र धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गप्प बसून होते. मला म्हणाले, चल, तुले दाखवतो. एक हिरवं बोंड तोडलं, वरून टणक, कुठे भोक नाही, डाग नाही, मी हातात घेऊन फिरवून पाहिलं, मला काहीच दिसलं नाही. मग त्यांनी खिशातला चाकू काढून ते आडवं कापलं. आत एका कप्प्यातली रुई पिवळट, चिकट, ओली, आणि सरकीच्या बाजूला गुलाबी पट्टे असलेली अळी वळवळत होती, करंगळीच्या नखाएवढी. दुसरं कापलं, तेच. तिसऱ्यात नव्हती, चौथ्यात दोन होत्या. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरते ते भोक बोंड वाढताना भरूनही येतं, त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसतं आणि माणूस खत देत राहतो, पाणी देत राहतो, मजूर लावत राहतो. वेचणीच्या वेळी ते बोंड उमलत नाही, अर्धवट तोंड उघडतं आणि आत कवडी, म्हणजे कडक, डागी कापूस. बाबा म्हणाले, "अळीले सवय झाली आता बीटीची." बीटी म्हणजे अळीसाठीचं विष झाडातच तयार होतं ते कापसाचं बियाणं. तेव्हा गावात सगळे हेच म्हणत होते, कृषी केंद्रावाले हेच म्हणत होते, पेपरातही हेच येत होतं.

मी त्या दिवशी बाबांशी वाद घातला नाही. वेळच नव्हती ती. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, आमच्या शेजारच्या गावातला एक तरुण मुलगा पंधरा दिवस दवाखान्यात होता. पण सवय हा शब्द माझ्या मनात तेव्हापासून अडकून बसलाय. कारण सवय झाली म्हटलं की असं वाटतं एक अळी आहे, तिने विष थोडं थोडं खाल्लं, पहिल्यांदा त्रास झाला, मग पचायला लागलं, जसं आपल्याला तिखटाचं होतं तसं. असं काहीही झालेलं नाही. ज्या अळीला बीटी लागू पडत होतं ती मेलीच, पहिल्या दिवशीही मेली आणि शेवटच्या दिवशीही. कुठल्याच अळीला सवय झाली नाही, मरणाऱ्या मेल्या आणि ज्या आधीपासूनच थोड्या वेगळ्या होत्या त्यांची पोरं उरली.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण यातच सगळं आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. त्याचा एक जीन कापसात टाकला की कापसाच्या पानात, पात्यात, बोंडात एक प्रथिन तयार होतं, क्राय १ एसी. अळीने ते खाल्लं की तिच्या आतड्याच्या भिंतीवर कॅडहेरिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याला ते जाऊन चिकटतं, पुढे आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. कुलूप-किल्लीसारखं आहे. पण लाखो-करोडो अळ्यांमध्ये काही अळ्या अशा असतात की त्यांचं कुलूपच जन्मतः बिघडलेलं असतं, कॅडहेरिनचा जीन मोडका, किल्ली बसतच नाही. बीटी नसताना या बिघाडाचा अळीला काही उपयोग नव्हता, त्यामुळे तो फार विरळ होता. मग २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, पाच-सात वर्षांत जिकडे तिकडे बीटी झालं, आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रात नव्वद टक्क्यांच्या वर बीटीच आहे आणि एकट्या महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरच्या आसपास. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आपण एकच चाळणी अंथरली आणि वर्षानुवर्षं रोज चाळत राहिलो. गुलाबी बोंडअळीची पिढी साधारण महिनाभराची, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या. डार्विनला जे लाखो वर्षांच्या हिशोबात मांडावं लागलं ते आमच्या वावरात मी शाळेत असताना सुरू झालं आणि मी नोकरीला लागेपर्यंत पुरं झालं.

गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला अळी दाद देत नाही हे २०१० मध्ये बीटी विकणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. तोवर दुसरं बीटी आलेलं होतं, २००६ पासून, बीजी-२, त्यात दोन प्रथिनं, क्राय १ एसी आणि क्राय २ एबी. एक कुलूप बिघडलेलं असलं तरी दुसरं चालेल असा विचार. पण पहिलं प्रथिन अळीसाठी आधीच निकामी झालेलं होतं, म्हणजे दोन कुलपांचं दार आहे असं आपण समजत होतो आणि प्रत्यक्षात एकच कुलूप शिल्लक होतं. २०१५ पर्यंत गुजरातमध्ये तेही गेलं आणि २०१७ ला आमच्याकडे. भारतातल्या अळ्या तपासल्या तेव्हा कॅडहेरिनचा हाच एक जीन किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडलेला सापडला, म्हणजे बीटीवरची उत्तरं एकाच जागी नाही, बऱ्याच जागी निघाली होती.

आणि ही अळी आपल्याकडे काही काल-परवा आलेली नाही बरं का. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते भरूचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून. ती आपल्या कापसाबरोबरच राहत आलीय.

मला सगळ्यात जास्त जाणवतं ते हे की त्याच वावरात दुसरी एक अळी आहे, हिरवी, जिला आपल्याकडे अमेरिकन बोंडअळी म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात कापसाचं वाटोळं केलं ते मुख्यतः तिनेच, बीटी आणलं तेही तिच्यासाठीच. तिच्या बाबतीत मात्र बीटी असं निकामी झालं नाही. का? कारण ती तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते. तिच्या लाखो अळ्या अशा पिकांवर वाढतात जिथे बीटीची चाळणी नाहीच, त्यामुळे बीटीला बळी पडणाऱ्या तिच्या घराण्याची बीजं टिकून राहतात आणि कापसातून वाचलेला एखादा पतंग यांच्याशीच जोडी जमवतो. गुलाबी अळीला कापूस सोडून जवळजवळ काही चालत नाही. तिला पळून जायला जागाच नव्हती, आणि जिला पळायला जागा नाही तीच बदलते. तेच वावर, तोच शेतकरी, तेच प्रथिन, आणि दोन अळ्यांची दोन वेगळी गोष्ट, नैसर्गिक निवड समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हे कोणाला कळलं नव्हतं असं नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं, गावात त्याला रेफ्युजी म्हणायचे. नियम असा की बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, जे जास्त असेल तेवढी नॉन-बीटी लावायची. त्यामागची अक्कल फार सुंदर आहे. अळीचा हा बिघाड आई-बाप दोघांकडून आला तरच ती वाचते, एकाकडून आला तर मरते. तेव्हा बीटीतून एखादा बिघडलेला पतंग वाचून निघाला तरी शेजारच्या साध्या कापसातले शेकडो साधे पतंग त्याच्या भोवती असावेत, त्याची जोडी त्यांच्याशी लागावी, म्हणजे पुढची पोरं बीटीवर मरतील. थोडा कापूस अळीला खाऊ द्यायचा आणि त्या बदल्यात औषध टिकवायचं.

आमच्या घरी ती छोटी पाकिटं कोठीच्या फळीवर पडून असायची. मी स्वतः पाहिलीत, एकावर एक, धूळ बसलेली. पाच एकराचा माणूस, बियाणं उधारीवर आणलेलं, त्याला एक एकर अळीला दे म्हणून सांगायचं, आणि का दे ते समजावून सांगायला कोणी बांधावर यायचं नाही. बाबांनी एका वर्षी लावलंही, ते धड उगवलंच नाही आणि जे उगवलं त्याला फूल वेगळ्याच वेळी आलं. म्हणून शेतकऱ्यांनी नियम पाळला नाही एवढंच म्हणून जे लोक मोकळे होतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९९६ पासून हीच अळी, हेच प्रथिन, पण तिथे बहुतेक सगळ्यांनी नॉन-बीटी लावलं, वावरं मोठी, तपासणी कडक. पुढे तिथे विमानातून कोट्यवधी वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आमच्या कापसातून संपली असं जाहीर केलं. अळी एकच, शाळा वेगळी.

आणि एक गोष्ट जी मला वर्गात सांगायचीच होती. जगात बहुतेक देश कापसाचं सरळ वाण लावतात, आपण संकरित लावतो. १९७० मध्ये सुरतला एच-४ निघालं तेव्हापासून संकरित कापूस ही आपली ओळख आहे आणि कंपन्यांना ते सोयीचं, कारण संकरिताचं बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. आता संकरित झाडात बीटीचा जीन आई-बापांपैकी एकाच बाजूने आलेला असतो. म्हणजे त्या झाडाच्या बोंडात ज्या सरक्या तयार होतात त्यांच्यात मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने जीनची वाटणी होते. बीजी-२ मध्ये जीन दोन, म्हणून सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, तीनमध्ये फक्त एक, तीनमध्ये फक्त दुसरं आणि एकात काहीच नाही. ९:३:३:१, बारावीचा प्रत्येक मुलगा हे घोकतो! आणि गुलाबी अळी काय खाते, तर बोंडातली सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी, अर्धं विष, पूर्ण विष असं सगळं ताटात वाढलेलं मिळतं, ती पायरीपायरीने निवडली जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती हे कितीदा लिहून-सांगून थकले असतील. चीनमध्ये यांग्त्सीच्या खोऱ्यात नेमकं उलटं झालं, तिथल्या शेतकऱ्यांनी संकरिताचंच पुढचं बी वावरात पेरलं, त्यामुळे चारातलं एक झाड आपोआप नॉन-बीटी निघालं आणि वावरातच रेफ्युजी तयार झाली, आणि वाढायला लागलेली अळीची ताकद पुन्हा खाली आली. तोच मेंडेल, बोंडात आला तर अळीच्या फायद्याचा आणि झाडाच्या पातळीवर आला तर शेतकऱ्याच्या.

आता धानाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागपूर जेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हाची आहे. छत्तीसगडच्या भागात धानात करगा नावाचा रानटी धान उगवायचा, रोपावस्थेत दोघं इतके सारखे की निंदणाऱ्या बायांना ओळखू यायचा नाही आणि पिकला की दाणे झडून पुढच्या वर्षी दुप्पट. मग शेतीखात्याने जांभळ्या पानांचा धान दिला. सोपं काम, जांभळं ठेवायचं, हिरवं उपटायचं. काही वर्षं छान चाललं, आणि मग करग्यातही जांभळी रोपं दिसायला लागली. दोघांचा थोडाफार संकर होतच होता, त्यात जांभळा रंग करग्यात गेला आणि निंदणाऱ्या हातांनी हिरवा तेवढा उपटून जांभळा राखून ठेवला. इथे विषही नाही, कारखाना नाही, फक्त बाईचे डोळे आणि बोटं, आणि तेवढ्यानेही निवड झाली. मला ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण माझी आजी आयुष्यभर निंदायला गेली.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की माणूस सगळीकडे आहे म्हणून निवड थांबली नाही, उलट जिथे जिथे आपण एकच गोष्ट सगळीकडे आणि सतत करतो तिथे ती धावायला लागते. टीबीचं औषध अर्ध्यावर सोडलं की तेच, कोंबड्यांना अँटिबायोटिक चारलं की तेच. मोझांबिकच्या गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी हत्ती मारले, नंतर जन्मलेल्या हत्तिणींमध्ये बिनसुळ्यांच्या कितीतरी जास्त.

पण तिच्या मनात खरं तर माणसाचं होतं, दवाखाने म्हणाली ना ती. ते मला जास्त अवघड जातं. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, विदर्भात, नंदुरबारकडे, गडचिरोलीत, माझ्या वर्गात दरवर्षी एखाददुसरं मूल तरी असतं ज्याच्याजवळ ते कार्ड असतं. मागे एक मुलगी होती, थंडीत तिचे सांधे धरायचे, परीक्षेच्या दिवशी आई बाहेर पाण्याची बाटली घेऊन बसायची. हा जीन इतका का पसरला त्याचं उत्तर मलेरिया. आई-बाप दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर आजार नाही आणि वर मलेरियाच्या गंभीर तापापासून बऱ्यापैकी बचाव. ॲलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत हे १९५४ मध्ये दाखवलं. जंगलात, तळ्यांच्या काठी पिढ्यानपिढ्या डास चावत राहिले आणि ज्यांच्यात हा जीन एकेरी होता ती मुलं जगली. तिचं दुखणं म्हणजे तिच्या पणज्या-खापरपणज्यांच्या जगण्याची किंमत आहे, असं मी तिला एकदा सांगितलं होतं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे ही आमच्या घराण्याची चूक नाही ना? नाही ग बाई, अजिबात नाही.

आता मलेरिया कमी होतोय, तर एकेरी जीनचा तो फायदाही ओसरत जाणार. आणि गोळ्या आहेत, तपासणी आहे, २०२३ पासून देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान आहे, म्हणून पूर्वी जी मुलं लहानपणीच जायची ती मोठी होतायत, शिकतायत, त्यांना मुलंबाळं होतील. इथे चाळणीची भोकं आपण मोठी केली, आणि केलीच पाहिजेत, यात माझ्या मनात काडीचीही शंका नाही. काही लोक म्हणतात दवाखान्यांमुळे माणसाची जात कमकुवत होतेय. मला याचा राग येतो. कमकुवत कशासाठी? निवड म्हणजे उत्तम-मध्यम अशी परीक्षा नव्हे, या जागेत या काळात कोणाची पोरं उरली एवढाच तो हिशोब आहे. डासांच्या जंगलात सिकलसेलचा एकेरी जीन ताकद होता, मलेरिया ओसरला की त्या ताकदीचा उपयोग उरत नाही. जीन बदलला नाही, जागा बदलली. आणि जोवर कोणाला जास्त मुलं होतात आणि कोणाला कमी, आणि त्यात थोडासा जरी वाटा रक्तातून येणाऱ्या गोष्टींचा आहे, तोवर माणसातही हिशोब चालूच आहे, हळू चालतो, आपली एक पिढी पंचवीस वर्षांची आणि अळीची महिन्याची.

परवा मी बाबांकडून पंधरा-वीस बोंडं मागवून वर्गात नेली. ब्लेड दिली, कापायला सांगितलं. पोरं एकदम जागी झाली. एका मुलाने मला न सांगता दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या शोधून काढल्या, म्हणाला मॅडम, ही जोड सरकी, आमचे काका म्हणतात यात अळी झोपते. बरोबर आहे, सरक्या जोडून त्यात ती महिनोन् महिने झोपून राहते, जिनिंगच्या ढिगात, घरामागे जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांत, आणि पावसाळ्यात पतंग होऊन निघते. म्हणूनच फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुढे उभं ठेवलेलं पीक, घेऊ नका म्हणतात, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाका, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत तिला खायला काही मिळणार नाही. प्रश्न विचारणारी मुलगी बोंडाकडे बघत होती. म्हणाली, म्हणजे आम्ही फरदड ठेवतो तेव्हा आम्हीच निवडतो? मी म्हटलं, हो.

बाबांनी यंदा एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावलेत आणि रोज सकाळी पतंग मोजून जुन्या डायरीत आकडा लिहितात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणी, त्याआधी नाही, हे आता त्यांचं पाठ आहे. गेल्या वर्षी आमच्या वावरातली पऱ्हाटी डिसेंबरातच काढली, शेजारच्यांची मार्चपर्यंत उभी होती, भाव बरा होता, त्यांना मुलीचं लग्न होतं, त्यांना तरी काय म्हणणार. आणि पतंगाला धुरा कळत नाही.

काल रात्री फोन केला तेव्हा मी विचारलं, किती? म्हणाले, काल पाच, आज सहा. मग थोडं थांबून म्हणाले, "ज्या उरल्या त्यायचेच लेकरं हायेत न ह्या." सवय हा शब्द त्यांनी वापरला नाही.